‘शुद्ध’ कशाला म्हणावे? : पुनर्स्फटिकीकरणाचा एक पाठ

स्मरणिकेत विज्ञान विभागाच्या वाट्याला साधारणपणे निकालाचे आकडे, प्रदर्शनात मिळालेली बक्षिसे आणि नव्या साहित्याची यादी एवढाच मजकूर येतो. या वेळी संपादक मंडळाच्या अनुमतीने आम्ही प्रत्यक्ष एक पाठच येथे मांडत आहोत. अकरावीच्या रसायनशास्त्रात संयुगांच्या शुद्धीकरणाचे प्रात्यक्षिक असते. त्यातील पुनर्स्फटिकीकरणाची पद्धत आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या हातांनी केलेली आहे. ज्यांना ती विसरली असेल त्यांच्यासाठी, आणि आपली मुले प्रयोगशाळेत नेमके काय करतात याचे कुतूहल असणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. हाच पाठ निवडण्यास आणखीही एक कारण आहे. ‘शुद्ध’ या शब्दाने आपल्या समाजाला जेवढे सोसावयास लावले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाने लावले असेल. तो शब्द आपल्या मुलांनी कोणत्या अर्थाने वापरावा, हे प्रयोगशाळेतच ठरते असे आम्हांस वाटते.

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हेही ठाऊक आहे. १०८ घागरींमधून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्याच्या पाण्यात मिसळण्यात आले आणि त्यावर मंत्र म्हटले गेले. या घटनेकडे इतिहासाचा शिक्षक एका दृष्टीने पाहील. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला मात्र तिच्यात एक साधी गोष्ट प्रथम दिसते. ज्या ओंजळींनी ते पाणी उचलले, त्यांनी पाण्यात काय मिसळले आणि किती मिसळले हे कोणीही मोजले नव्हते, कारण मोजण्यासारखे काही नव्हतेच. उलट ज्या कृतीला शुद्धीकरण म्हटले गेले, तिने पाण्यात मोजता येतील असे पदार्थ घागरींच्या हिशेबाने घातले. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. पुरावा मागितल्यावर दावा टिकला नाही.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत कोणी एखाद्या पदार्थाला शुद्ध म्हटले की त्याला दोन प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. कशापासून वेगळा केला? आणि वेगळा झाला हे कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत, त्याने तो शब्द वहीत लिहू नये.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. आम्ही बहुधा बेंझोइक आम्ल घेतो. हा पांढरा स्थायू पदार्थ थंड पाण्यात फारच थोडा आणि उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलीटर पाण्यात तो सुमारे ०.३४ ग्रॅम विरघळतो, तर १०० अंशांच्या जवळ सुमारे ५.६ ग्रॅम, म्हणजे सोळापटीहून अधिक. पद्धतीचे सगळे मर्म या फरकात आहे. ज्या द्रावकात पदार्थ गरम असताना भरपूर आणि थंड असताना अत्यल्प विरघळतो, तो द्रावक योग्य. मिठाचे तसे नाही. १०० ग्रॅम पाण्यात ते थंड असताना सुमारे ३६ ग्रॅम आणि उकळताना सुमारे ३९ ग्रॅम विरघळते. म्हणून गरम द्रावण नुसते थंड करून मीठ फारसे हाती लागत नाही, त्यासाठी पाणी उडवून द्यावे लागते. मिठागरात ऊन तेच काम करते.

विद्यार्थ्याला आम्ही जो नमुना देतो, त्यात २ ग्रॅम बेंझोइक आम्लात चिमूटभर वाळू आणि ०.१ ग्रॅम मीठ मिसळलेले असते. चंचुपात्रात ४० मिलिलीटर पाणी उकळू लागले की नमुना थोडा थोडा घालून काचकांडीने ढवळायचा. आम्ल विरघळते, वाळू तळाशी राहते. आणखी १० मिलिलीटर पाणी घालायचे, ते एवढ्यासाठी की गाळताना द्रावण किंचित निवले तरी आम्ल नरसाळ्यातच बाहेर पडू नये. घाईच्या मुलांचे नेमके येथे बिनसते. पाणी मोजून घालण्याऐवजी ती चंचुपात्र भरून घेतात. ५० मिलिलीटर पाणी २५ अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्यात सुमारे ०.१७ ग्रॅम आम्ल विरघळलेलेच राहते. २०० मिलिलीटर घेतले तर ०.६८ ग्रॅम, म्हणजे मूळच्या आम्लाचा एक तृतीयांश भाग, पाण्यातच राहून जातो. शुद्धतेसाठी काही ना काही गमवावे लागतेच, पण किती गमवायचे हे पाण्याच्या मापावर असते.

द्रावणाला रंग असेल तर किंचित निवू देऊन त्यात चमचाभर सक्रिय कोळसा घालतात. उकळत्या द्रावणात घातला तर ते फसफसून ओट्यावर येते. नंतर चुण्या पाडलेल्या गाळणकागदातून आणि आधीच गरम करून ठेवलेल्या नरसाळ्यातून द्रावण गाळायचे. वाळू कागदावर राहते. येथपर्यंतचे काम चहा गाळण्यासारखेच आहे. त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. खरे काम यापुढे सुरू होते, आणि ते विद्यार्थी करीत नाही.

गाळलेले द्रावण झाकून स्वस्थ ठेवायचे. तापमान उतरू लागले की पाण्याची आम्ल धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, आणि एका विशिष्ट क्षणी अतिरिक्त आम्लाचे रेणू एकमेकांशी जुळू लागतात. बेंझोइक आम्लाचे दोन रेणू परस्परांना हायड्रोजन बंधांनी धरतात, अशा जोड्या ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात, थरावर थर रचल्या जातात आणि चकचकीत पातळ पापुद्रे दिसू लागतात. स्फटिक म्हणजे हीच रचना. तिच्यात जागा असते ती त्याच आकाराच्या आणि त्याच बंधाच्या कणाला. सोडियमचा किंवा क्लोराइडचा आयन तेथे बसूच शकत नाही, आणि बाहेर पाण्यात तो मुळीच अडचणीत नाही. ५० मिलिलीटर पाण्याला ०.१ ग्रॅम मीठ म्हणजे काहीच नव्हे. म्हणून मीठ पाण्यात राहते आणि आम्ल स्फटिकात जाते.

द्रावण सावकाश थंड झाले पाहिजे, हा आग्रह याच कारणासाठी आहे. रेणू पृष्ठभागावर येतो, नीट बसला नाही तर सुटतो, पुन्हा येतो. जो कण बसत नाही त्यालाही सुटून जाण्यास अवधी मिळतो. चंचुपात्र एकदम बर्फात ठेवले तर बारीक भुकटी घाईने खाली येते आणि तिच्या कणाकणांत मूळ द्रावण कोंडले जाते. दिसायला ती अधिक पांढरी असते. मुले फसतात, कधी परीक्षकही. खोलीच्या तापमानाला आल्यानंतर मात्र बर्फात ठेवण्यास हरकत नाही. शून्य अंशाजवळ १०० मिलिलीटर पाण्यात जेमतेम ०.१७ ग्रॅम आम्ल राहते, त्यामुळे हाती येणारा पदार्थ थोडा वाढतो. क्वचित द्रावण थंड होऊनही स्वच्छच राहते, एकही स्फटिक दिसत नाही. अशा वेळी काचकांडीने पात्राची आतली बाजू हलकेच खरवडावी किंवा आधीच्या तुकडीने जपून ठेवलेला एखादा कण, म्हणजेच बीजस्फटिक, त्यात सोडावा. पुढच्या काही मिनिटांत जे दिसते ते पाहण्यासाठी शेजारच्या टेबलावरची मुलेही गोळा होतात आणि आम्ही त्यांना रागवत नाही.

स्फटिक गाळून घेतल्यावर ते बर्फासारख्या थंड पाण्याने धुवायचे, तेही ५-१० मिलिलीटरनेच. अंगाला चिकटलेले खारट द्रावण निघून जावे एवढाच त्याचा हेतू. मग गाळणकागदावर पसरून वाळवायचे आणि वजन करायचे. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. दरवर्षी कोणाच्या तरी वहीत दोन ग्रॅमपेक्षा जास्त उत्पादन येते, टक्केवारी शंभराच्या वर जाते आणि तो विद्यार्थी आनंदात असतो. त्याने वजन केलेले असते ते ओल्या स्फटिकांचे. स्फटिक दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलले की आकडा खाली येतो. दोन्ही आकडे वहीत ठेवायला आम्ही सांगतो. पहिला खोडायचा नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या प्रयोगात ज्याला आपण अशुद्धी म्हटले ते मीठ होते. तेच मीठ भोजनगृहात आणून दिले तर त्याला कोणी मळ म्हणणार नाही. उद्या आम्हांला मीठ हवे असेल आणि त्यात बेंझोइक आम्ल मिसळलेले असेल, तर तेच आम्ल अशुद्धी ठरेल. रसायनशास्त्रात अशुद्धी हा कोणत्याही पदार्थाचा जन्मजात गुण नाही. एखाद्या कामासाठी नको असलेला दुसरा पदार्थ, एवढाच तिचा अर्थ. स्फटिकाबाहेर राहिलेले सोडियमचे आयन स्फटिकातल्या रेणूंहून हीन नसतात. हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने इतके उघड आहे की पाठ्यपुस्तकाला ते लिहिण्याची गरज भासत नाही. आम्हांला मात्र ते मोठ्याने सांगावेसे वाटते.

आता दुसरा प्रश्न. वेगळा झाला हे कशावरून? शुभ्र रंग, चमक, सुबक आकार यांवर आमचा भरवसा नाही. स्फटिकांची चिमूटभर पूड एका टोकाला बंद केलेल्या केशनळीत भरून, तापमापीला जोडून, द्रव पॅराफिनमध्ये हळूहळू तापवायची. शुद्ध बेंझोइक आम्ल १२२ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळण्याचा आरंभ व शेवट यांत एखाद्या अंशाचेच अंतर असते. रचनेत परका पदार्थ शिरलेला असेल तर ती कमी तापमानालाच ढासळू लागते आणि बराच वेळ ढासळत राहते. पूड ११६ ला ओलसर दिसू लागली आणि ११९ ला पूर्ण वितळली, तर पुन्हा स्फटिकीकरण करावे लागते. ही खूण इतकी संवेदनशील आहे की दोन पदार्थांचा द्रवणांक एकच असला तरी ते ओळखता येतात. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात, परंतु दोहोंची पूड एकत्र करून तापवली की मिश्रण त्याहून कितीतरी खाली वितळते.

रोजच्या धम्मवंदनेत मुले ‘एहिपस्सिको’ हा शब्द उच्चारतात. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांनाही सांगितले, ते हेच की परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नये. तापमापीसमोर डोळे लावून बसलेल्या मुलाला यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याला पुस्तकातला १२२ हा आकडा ठाऊक असतो, नळीत मात्र ११८ दिसत असतो. त्याने काय लिहावे? आम्ही गुण देतो ते ११८ लिहिणाऱ्याला, आणि त्याचे कारण शोधणाऱ्याला अधिक.

या विद्येचा इतिहासही आपल्या वाचकांना ठाऊक असावा. बिहारमध्ये शतकानुशतके सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, काढणारे लोक नोनिया म्हणून ओळखले जातात. गावातल्या जुन्या भिंतींच्या पायथ्याची, गोठ्यांजवळची क्षारयुक्त माती खरवडून ते पाण्यात भिजवीत, ते पाणी उकळून आटवीत आणि थंड होण्यास ठेवीत. त्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधे मीठही असे. पण १०० ग्रॅम पाण्यात सोरा २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम आणि उकळताना सुमारे २४५ ग्रॅम विरघळतो, तर मिठाचा आकडा जवळजवळ हलत नाही. त्यामुळे थंड होताना सोऱ्याचे लांब स्फटिक वेगळे होत आणि मीठ पाण्यात राही. हेच पुन्हा केले की अधिक चांगला सोरा मिळे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातल्या कंपन्या तो जहाजे भरभरून नेत, कारण बंदुकीच्या दारूचा तो मुख्य घटक होता. ज्यांना समाजाने खालच्या पायरीवर बसवले, त्यांच्या हातात शुद्धीकरणाची ही खरी विद्या होती आणि ज्यांच्या तोंडी शुद्धतेचा जप होता, त्यांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही हे रागाने लिहीत नाही; पण रसायनशास्त्राच्या पुस्तकात सोऱ्याच्या आलेखाशेजारी नोनियांचे नाव यावे असे आम्हांस निश्चित वाटते.

त्याच मगधाच्या भूमीतली आणखी एक नोंद आहे. विनयात भिक्खूंना औषध म्हणून ज्या पाच पदार्थांची मुभा आहे, त्यांत तूप, लोणी, तेल आणि मधाबरोबर फाणित, म्हणजे उसाचा घट्ट आटवलेला रस, येतो. त्या रसापासून दाणेदार साखर बनविण्याची कला इतकी नावाजलेली होती की इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइझोंग सम्राटाने ती शिकून येण्यासाठी मगधात माणसे पाठवली. संस्कृतातला ‘खंड’ हा शब्द अरबीतून पश्चिमेकडे गेला आणि मुलांच्या खिशातली ‘कँडी’ होऊन परत आला.

पद्धतीची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण मेरी क्युरी यांच्या कामात आहे. १८९८ मध्ये पिएर आणि मेरी क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला, पण पदार्थ हाती नव्हता. तो बेरियमच्या क्षारात अत्यल्प प्रमाणात मिसळलेला होता. वर आपण म्हटले की न जुळणारा कण स्फटिकात शिरत नाही. रेडियम आणि बेरियम यांचे आयन तर फार सारखे; एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. एकदा स्फटिकीकरण केल्याने ते वेगळे होत नाहीत. परंतु रेडियम क्लोराइड बेरियम क्लोराइडहून किंचित कमी विरघळते, त्यामुळे प्रत्येक वेळी स्फटिकांत रेडियमचे प्रमाण थोडे वाढते. पॅरिसमधल्या एका गळक्या छपराच्या शेडमध्ये मेरी क्युरी यांनी पिचब्लेंड खनिजाच्या टनावारी अवशेषावर प्रक्रिया करून, मिळालेले क्षार विरघळवणे, थंड करणे, स्फटिक वेगळे काढणे आणि ते पुन्हा विरघळवणे, हे काम अगणित वेळा केले. १९०२ मध्ये त्यांच्या हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आले आणि त्यांनी रेडियमचा अणुभार २२५ असा दिला. १९११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता. आपल्या मुली जेव्हा दुसऱ्यांदा स्फटिकीकरण करायला कंटाळतात, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सांगतो आणि त्या हसून बर्नर पेटवतात.

पालकांना घरी करून पाहता येईल असा प्रयोग तुरटीचा आहे. किराणा दुकानातील तुरटीचा खडा कुटून ३० ग्रॅम पूड घ्यावी. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात १०० मिलिलीटर पाणी चांगले कढत करून ती त्यात पूर्ण विरघळवावी आणि दाट कापडातून गाळावी. खड्यातली माती कापडावर राहील. भांड्यावर ताटली झाकून रात्रभर न हलवता ठेवावे. १०० मिलिलीटर पाण्यात तुरटी ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम आणि २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम विरघळते, त्यामुळे सकाळी घातलेल्या तुरटीपैकी निम्म्याच्या आसपास स्फटिक तळाशी दिसतील. त्यांतला एखादा नीट वाढलेला असेल तर त्याच्या आठ त्रिकोणी बाजू मोजता येतात. उरलेले पाणी टाकू नये. ते विरळ फडक्याने झाकून खिडकीत ठेवल्यास पाणी उडत जाईल तसे आठवडाभरात आणखी स्फटिक येतील. ते पहिल्याइतके नितळ नसतील, कारण तुरटीतले विरघळलेले इतर क्षार तेवढ्याच प्रमाणात आहेत आणि पाणी मात्र आता कमी झाले आहे.